लिस्बनला महिनाभर राहायचंय? आधी एरिया ठरवा, फ्लॅट नंतर

आपल्या बडोद्यातनं परदेशात जाणारे दोन प्रकारचे, एक टूरवाले, आठ दिवसांत पाच देश उरकून येणारे, आणि दुसरे जे म्हणतात एकच शहर धरू, फ्लॅट घेऊ, स्वतःचं वरण-भात शिजवू आणि महिनाभर निवांत राहू. हे लिहितेय ते दुसऱ्यांसाठी. रिटायर झालेले काका-काकू, लॅपटॉपवर काम चालणारी पोरं, मुलगी तिकडे शिकायला गेलीय म्हणून जाणारे आई-बाबा, सगळेच ह्यात आले. उदाहरण पोर्तुगालच्या राजधानीचं, लिस्बनचं घेतलंय कारण मला सगळ्यात जास्त त्याच शहराबद्दल विचारतात, आणि एरिया चुकला की काय होतं ते तिथे पहिल्याच दिवशी पाय सांगतात. पद्धत तुम्ही कुठल्याही शहराला लावा.

बहुतेक जण सुरुवात फोटोंपासून करतात. बाल्कनी आहे, भिंतीला निळ्या टाइल्स आहेत, खिडकीतून नदी दिसतेय, झालं, बुक. आता असा विचार करा की पुण्याहून कुणी पाहुणे महिनाभर बडोद्याला येतायत आणि तुम्हाला विचारतायत कुठे राहू. लक्ष्मी विलास पॅलेस बघायचाय म्हणून त्याच्याच आसपास घर घ्या असं आपण सांगतो का? मांडवीत राहा असंही नाही सांगत, गाडी लावायला जागा नाही. आपण म्हणतो कारेलीबाग बघा, नाहीतर अकोटा, खाली दूध-भाजी मिळते, रिक्षा दारात येते, रात्री शांत असतं. हेच डोकं लिस्बनसाठी वापरायचं, बास. बघायच्या जागा एकदा नाहीतर दोनदा बघून होतात, दूध-ब्रेड मात्र रोज आणायला जावं लागतं.

आधी स्वतःचा दिवस लिहून काढा

मॅप उघडायच्या आधी हे करा, कंटाळा करू नका. सकाळी कोण किती वाजता उठतं, चालायला जायची सवय आहे का, कुणाचे गुडघे दुखतात, घरी किती वेळा स्वयंपाक होणार, काम करणारं कुणी बरोबर आहे का आणि त्याच्या मीटिंग्ज किती वाजता. शेवटचं फार महत्त्वाचं. पोर्तुगाल उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपल्या ऑफिसची सकाळी १० ची मीटिंग तिकडे पहाटे साडेपाचला नाहीतर साडेचारला पडते. असा माणूस रात्री दहाला झोपणार. त्याला पब असलेल्या गल्लीत ठेवलंत तर चार दिवसांत घरात भांडणं सुरू.

मग त्या यादीतल्या तीन गोष्टींवर खूण करा ज्यात तडजोड चालणार नाही. तीनच. दहा अटी घातल्या की कुठलाच एरिया बसत नाही आणि शेवटी माणूस परत फोटो बघूनच बुक करतो.

चढ आणि जिने

लिस्बन सात टेकड्यांवरचं शहर म्हणून ओळखलं जातं आणि टुरिस्ट लोकांना जे भाग आवडतात ते नेमके टेकड्यांवर आहेत. मॅपवर मेट्रो स्टेशन ४०० मीटर दिसतं, पण ते ४०० मीटर सरळ वर असू शकतात. ह्यावर एक साधी युक्ती आहे, गूगल मॅप्सवर घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता चालत न बघता सायकलचा बघा, त्यात चढ-उताराचा आलेख येतो. तो आलेख फणा काढलेला दिसला तर आईला तिथे नेऊ नका. नंतर स्ट्रीट व्ह्यूमध्ये तोच रस्ता फोनवर पूर्ण चालून या, पायऱ्या कुठे आहेत, फुटपाथ किती अरुंद आहे, सगळं दिसतं.

फुटपाथचंही सांगते. तिथले फुटपाथ चुनखडीच्या छोट्या छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे, नक्षी काढलेले, दिसायला सुंदर, पण वर्षानुवर्षं पाय घासून गुळगुळीत झालेले, आणि पाऊस पडला की त्यावरून घसरायला होतं. चपला-सँडल घालून उतारावर जायचं नाही, रबरी सोलचे बूट हवेत. पाऊस तिकडे आपल्यासारखा जून-जुलैत नसतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त. तेव्हा हिवाळ्यात जाणार असाल तर चढाचा मुद्दा अजून वर घ्या.

आता जिना. जुन्या लिस्बनमधल्या पुष्कळ इमारतींना लिफ्ट नाही, आणि जिने लाकडी, अरुंद, उभे. पत्त्यात 3.º Esq. सारखं काहीतरी असतं, पोर्तुगीज पत्ते असेच असतात, त्याचा अर्थ तिसरा मजला, डावीकडचं दार. उजवीकडचं असेल तर Dto., तळमजला असेल तर R/C. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजल्याच्या वर पहिला, म्हणून तिसरा मजला म्हणजे तीन पूर्ण जिने, हातात मोठ्या बॅगा. जिन्यातला दिवा बऱ्याच ठिकाणी बटण दाबल्यावर लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, नेमका दोन मजल्यांच्या मध्ये, मग अंधारात भिंत चाचपत पुढचं बटण शोधायचं. तरण्या पोरांना गंमत वाटते, सत्तरीच्या माणसाला नाही वाटत. म्हणून बुक करताना घरमालकाला सरळ मेसेज टाका, लिफ्ट आहे का, ती रस्त्याच्या लेव्हलपासून आहे का, की आधी पाच-सात पायऱ्या चढून मग लिफ्ट. हा दुसरा प्रश्न लोक विसरतात.

मेट्रो कुठे पोचते ते बघा

लिस्बनच्या मेट्रोच्या चार लाइन आहेत, निळी, पिवळी, हिरवी, लाल. लाल लाइन थेट एअरपोर्टला जाते. सकाळी साडेसहा ते रात्री १ पर्यंत चालते. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्यांदा जाणाऱ्याने मेट्रो स्टेशनपासून सपाट दहा मिनिटांच्या आतलंच घर बघावं, ट्रामच्या भरवशावर राहू नये. २८ नंबरची पिवळी ट्राम जगात फेमस आहे आणि म्हणूनच ती टुरिस्टांनी भरलेली असते, तिथे राहणारी म्हातारी माणसं पिशव्या घेऊन स्टॉपवर उभी असतात आणि ट्राम खचाखच भरून पुढे निघून जाते. पाकीटमारीलाही ती बदनाम आहे. एकदा मजा म्हणून बसा, रोजच्यासाठी नको.

पासचा हिशोब सोपा आहे. नावेगांते नावाचा महिन्याचा पास, शहरापुरता ३० युरो आणि लिस्बन धरून आसपासच्या एकूण १८ नगरपालिकांसाठी ४० युरो, हे दर २०१९ पासून आहेत. ४० वाल्यात सिंत्रा, काश्काइशच्या लोकल ट्रेन आणि नदीवरच्या बोटीही आल्या, म्हणजे मी तरी तोच घ्या म्हणेन. पण हा पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो, १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत, त्यामुळे १५ ला पोचून १५ ला निघणार असाल तर पैसे वाया जातात. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर ट्रिप १ तारखेच्या आसपास सुरू करा, एवढ्यानेच काम होतं.

आता एकेक एरिया

अल्फामा. सगळ्यात जुना भाग, १७५५ च्या भूकंपात बाकी शहर पडलं, हा बराचसा वाचला, म्हणून गल्ल्या अजून तशाच, वेड्यावाकड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या. फादोचं, म्हणजे तिथलं पारंपरिक गाणं संध्याकाळी खिडकीतून ऐकू येतं. दोन संध्याकाळी घालवायला ह्याच्यासारखी जागा नाही, पण महिनाभर राहायला मी कुणालाच सांगणार नाही. टॅक्सी दारापर्यंत येत नाही, किराणा महाग, क्रूझ बोटींचं टर्मिनल जवळ असल्यामुळे बोट लागली की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आणि जूनमध्ये तर नकोच. १२ जूनच्या रात्री सांतो अंतोनियोचा सण असतो, रस्त्यावर शेगड्या लावून सार्डिन मासे भाजतात, पहाटेपर्यंत गाणी, नाच. ज्याला हे आवडतं त्याने मुद्दाम जावं, शुद्ध शाकाहारी काकूंनी खिडकी बंद करूनही वास थांबणार नाही हे धरून चालावं. शेजारचे ग्रासा आणि मोरारिया साधारण ह्याच वळणाचे.

बाइरो आल्तो, बीका आणि काइश दो सोद्रेच्या मागच्या गल्ल्या म्हणजे रात्रीचं लिस्बन. दिवसा गेलात तर वाटेल किती शांत आहे, दुकानंही बंद. रात्री अकरानंतर सगळं तरुण पब्लिक ग्लास घेऊन रस्त्यावरच उभं असतं. दिवसा काढलेले फोटो बघून लोक फसतात ते इथेच.

बाइशा हा मधला सपाट पट्टा, भूकंपानंतर नव्याने आखलेला, सरळ काटकोनातले रस्ते, मेट्रो भरपूर. गुडघेदुखीवाल्यांना चालायला उत्तम पण आता तिथे राहणाऱ्यांपेक्षा हॉटेलं आणि आठवणींच्या वस्तूंची दुकानं जास्त, भाजीवाला शोधत फिरावं लागतं. आठवड्यासाठी ठीक.

आता माझ्या आवडीचे. अरोइओश आणि आंजोश, दोन्ही हिरव्या लाइनवर. साधे, थोडे मळकट म्हणा हवं तर, पण राहते भाग आहेत, नेपाळी, बांगलादेशी, ब्राझिलियन, पोर्तुगीज सगळे एकाच फुटपाथवर, खाली बेकरी, फळवाला, लाँड्री. सगळ्यात मोठी सोय म्हणजे मार्तीं मोनीझ दोन-तीन स्टेशनांवर. तिथे मोरारियाचं शॉपिंग सेंटर आणि शेजारची बेनफोरमोसो गल्ली, तूरडाळ, पोहे, हिंग, आटा, कोथिंबीर, कढीपत्ता, सगळं मिळतं. बडोद्याहून दहा किलोचा डबा भरून न्यायची गरज नाही, गोडा मसाला तेवढा न्या, तो तिथे मिळायचा नाही.

अल्वलादे हा १९४० च्या दशकात आखून बांधलेला भाग, रुंद रस्ते, झाडं, सपाट, स्वतःचं मार्केट, कुटुंबं राहतात. काका-काकूंसाठी माझी पहिली पसंती हीच. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. एक, तीन-चार मजली जुन्या इमारतींत बऱ्याचदा लिफ्ट नसते. दुसरं, लिस्बनचं एअरपोर्ट शहरातच आहे आणि अल्वलादे, अवेनिदाश नोवाश ह्या भागांवरून विमानं खूप खालून जातात. हरणी एअरपोर्टजवळ राहणारे हसतील, पण तिथे विमानं एकामागोमाग एक येतात. रिव्ह्यूमध्ये ह्याचा उल्लेख आहे का बघा.

कांपो दे ओरिक खरंच गोड एरिया, टेकडीच्या माथ्यावर असूनही वर गेल्यावर सपाट, चौकोनी रस्ते, खाण्यापिण्याचं छान मार्केट. फक्त मेट्रो नाही, लाल लाइन तिकडे न्यायचं काम चालू आहे पण तोपर्यंत जवळचं स्टेशन रातो, आणि तिथून चढ. बसवर भिस्त ठेवायची तयारी असेल तर घ्या.

पार्क दाश नासोइंश १९९८ च्या एक्स्पोसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला नदीकाठचा नवा भाग. मोठ्या लिफ्ट, नवे फ्लॅट, सपाट लांबलचक चालायचा रस्ता, ओरिएंते स्टेशनवरून लाल लाइनने एअरपोर्ट अगदी जवळ. वास्को द गामाच्या नावाचा पूल, त्याच्याच नावाचा मॉल, त्याच्याच नावाचा टॉवर, म्हणजे आपल्याकडे उतरलेला माणूस तिथे किती मोठा आहे ते कळतं. जुनं लिस्बन इथे अजिबात वाटत नाही, कुठल्याही नव्या शहरात आल्यासारखं वाटतं, काहींना त्याचं वाईट वाटतं. लहान मूल किंवा व्हीलचेअर बरोबर असेल तर हे वाईट वाटणं बाजूला ठेवा.

पैसे वाचवायचे असतील तर नदीपलीकडे आल्मादा. काइश दो सोद्रेहून कासील्याशला बोट दहा मिनिटांच्या आसपास, ४० च्या पासात चालते. रात्री उशिरा परतायचं असेल तर बोटीचं टाइमटेबल पाठ करावं लागतं, एवढंच.

देवळाचं आणि गुजरातीचं

हे बडोदेकरांना मुद्दाम सांगते. लिस्बनच्या लुमियार भागात राधा-कृष्णाचं मोठं मंदिर आहे, हिंदू समाजाचं केंद्र, पत्ताच महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्याचा. तिथल्या हिंदू समाजात गुजराती मंडळी खूप, मूळची दीव आणि सौराष्ट्रातली, आधी मोझांबिकला गेलेली आणि १९७५ ला तो देश स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालला आलेली. म्हणजे इंग्रजीत अडखळणाऱ्या आपल्या काकू तिथे 'केम छो' म्हणून अर्धा तास सहज गप्पा मारू शकतात, आणि डॉक्टर कुठला चांगला, भाजी कुठे स्वस्त, ही माहिती कुठल्याही वेबसाइटपेक्षा लवकर मिळते. तिथे शाकाहारी जेवणाचीही सोय आहे, वेळ आधी विचारून जा. रोज मंदिरात जाणारं कुणी बरोबर असेल तर लुमियार किंवा तेलेइराश बघायला हरकत नाही, शांत रेसिडेन्शियल भाग आहेत, टुरिस्ट औषधालाही नाही.

फ्लॅटचं पान कसं वाचायचं

एरिया दोनवर आणलात की मग फ्लॅट. बुकिंगच्या आधी नेमका पत्ता कुणी देत नाही, मॅपवर एक गोल दाखवतात, त्या गोलाच्या सगळ्यात वाईट टोकावर घर आहे असं समजून अंतर मोजा. रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, नुसते शब्द शोधा, जिना, आवाज, ओल, गरम पाणी. पोर्तुगीज लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू असतील तर barulho म्हणजे आवाज आणि humidade म्हणजे ओल, एवढे दोन शब्द पुरे. ज्या महिन्यात तुम्ही जाणार त्याच महिन्यातले रिव्ह्यू वाचा, ऑगस्टमधल्या माणसाला जानेवारीतली थंडी काय माहीत.

थंडीवरनं आठवलं. बडोद्यातल्या लोकांना वाटतं युरोप म्हणजे घरात हीटर असणारच. लिस्बनच्या जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, बाहेर जानेवारीत दिवसा १५ डिग्री छान ऊन असतं आणि घरात शिरलं की आतच जास्त गार वाटतं, भिंतींना ओल, कपाटात बुरशीचा वास. नोव्हेंबर ते मार्च जात असाल तर तळमजला आणि ज्या खोलीला ऊन येत नाही असं घर टाळा, हीटर किती आहेत, ओल शोषणारं मशीन आहे का, आणि लाइट बिलाला काही लिमिट लावलीय का, हे विचारून लेखी घ्या. महिनाभराच्या बुकिंगमध्ये काही मालक विजेला लिमिट ठेवतात आणि वरचे पैसे मागतात.

वॉशिंग मशीन असतं, किचनमध्येच, ड्रायर मात्र क्वचित. कपडे खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळत घालायचे, आपल्याला सवय आहे. ओट्याचा फोटो झूम करून बघा, शेगडी दोन बर्नरची आहे की इंडक्शनची एकच पट्टी, कारण पोळ्या-भाजी-वरण एकावर नाही होत, आणि आपला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही.

पोर्तुगालमध्ये थोड्या दिवसांसाठी घर द्यायला रजिस्ट्रेशन लागतं, पानावर AL लिहून पुढे नंबर असतो. तो नसेल तर पुढे जा. आणि साइटच्या बाहेर बँकेत पैसे टाका, डिस्काउंट देतो, असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं, कितीही गोड बोलत असला तरी. डिस्काउंट हवाच असेल तर साइटवरच २८ दिवसांच्या वरच्या तारखा टाकून बघा, बरेच मालक महिन्याचा वेगळा दर ठेवतात.

शहराचा टुरिस्ट टॅक्स वेगळा, सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीचे ४ युरो, पण जास्तीत जास्त ७ रात्रींचाच, म्हणजे महिना राहा की आठवडा, माणशी २८ च्या वर नाही. कुणी तीस रात्रींचा हिशोब लावला तर नियम दाखवा.

व्हिसा आणि बुकिंगची सांगड

शेंगेन व्हिसाला, म्हणजे पोर्तुगालसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाला, राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं आणि व्हिसा मिळेल की नाही ते आधी कळत नाही, त्यामुळे फुकट कॅन्सल होणारंच घर घ्या आणि कॅन्सल करायची शेवटची तारीख व्हिसाच्या निकालानंतरची आहे ना ते बघा. महिन्याच्या बुकिंगला हे नियम कडक असतात, हॉटेलसारखे नाहीत, आदल्या दिवशी कॅन्सल केलं असं चालत नाही. अर्ज जायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो.

चाळीस टक्के शंका असेल तर

असेल तर महिना एकाच घरात अडकवू नका. पहिले चार-पाच दिवस साध्या हॉटेलात किंवा छोट्या फ्लॅटमध्ये राहा, शॉर्टलिस्टमधल्या दोन्ही एरियांत सकाळी आठला आणि रात्री अकराला एकेक चक्कर मारा, सुपरमार्केटमध्ये जाऊन दूध, टोमॅटो, तांदूळ घेऊन बघा, पिंगो दोस किंवा कोंतिनेंते बहुतेक सगळीकडे सापडतं. मग उरलेल्या दिवसांचं घर घ्या. ऑफ सीझनला हे सहज जमतं. जून ते सप्टेंबर नाही जमणार, तेव्हा आधीच पक्कं करून जा.

पोचलात की पहिल्याच संध्याकाळी बॅगा उघडायच्या आधी गरम पाणी, सगळ्या शेगड्या, हीटर, वायफाय आणि बेडरूमची खिडकी नीट बंद होते का हे तपासा, व्हिडिओ काढा आणि जे बिघडलंय ते साइटच्या मेसेजमध्येच मालकाला कळवा, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर नको. पहिल्या एक-दोन दिवसांत लेखी कळवलेलं असेल तर घर बदलून मागता येतं, दहाव्या दिवशी सांगितलं तर कुणी ऐकत नाही.